दुसरी नाकपुडी

पहाटे चारला मी पोहे भिजवतो,
रामबागेच्या कोपऱ्यावर, बारा किलो.
खाली पातेल्यात पाणी उकळतं, वर परात,
वाफेवर फुलत राहतात
हळद, साखर, बडीशेप घातलेले.
साडेदहापर्यंत दोनशे माणसं नाश्ता करून जातात.
"भिया, सेव जरा ज्यादा," म्हणतात.
मी ज्यादा घालतो.
आणि अकराला हात धुऊन
जिच्या तोंडात सोमवारपासून घास नाही
तिच्याकडे जातो.

निरूच्या हाताला सुई, तिच्यातून स्टिरॉइड.
डाव्या नाकपुडीत नळी, गालावर चिकटपट्टी,
वर खुंटीला दुधाळ पिशवी, व्हॅनिलाच्या वासाची.
तासाला किती जायचं ते यंत्र मोजतं,
चुकलं की ओरडतं.

मागच्या खेपेला, चार वर्षांपूर्वी,
तिला नुसतं उपाशी ठेवलं होतं.
आतड्याला आराम, म्हणाले.
आतड्याला मिळाला का कोण जाणे,
बांगड्या मात्र कोपरापर्यंत सरकल्या.

या वेळी आहाराच्या आफरीन मॅडम,
पंचविशीची पोर, कागद घेऊन आली.
म्हणाली, काका, मुख्य औषध इंजेक्शनचंच.
हे त्याच्या जागी नाही, त्याच्या सोबत आहे.
मी म्हटलं, म्हणजे पोह्यांवर जीरावन.
हसली नाही. विचार करून म्हणाली,
नाही. पोह्यांना पाणी.
कोरड्या पोह्यांवर तुम्ही मसाला टाकून टाकून
किती टाकाल?

दूध, इस्त्री, गॅसच्या वहीत
मधल्या पानावर मी आकडे लिहितो.
सोमवार चौदा वेळा, रक्त.
मंगळवार बारा, रक्त.
बुधवार बारा.
बुधवारी सर्जन येऊन गेले.
बोलले काही नाहीत, पोट दाबलं,
बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली,
बोट ठेवून किंचित थांबले.
पिशवी लावायची झाली तर तिथे लावतात,
हे मला शेजारच्या बेडवालीच्या मुलाने सांगितलं,
जिन्यात, चहा पिता पिता.

गुरुवार आठ.
शुक्रवार आठ, रक्त कमी.
हे नळीमुळे की सुईमुळे, मी मॅडमला विचारलं.
म्हणाली, एका पेशंटवरून नाही सांगता येत.
मला हे उत्तर आवडलं.
माझ्या दुकानात प्रत्येक जण खात्रीनेच बोलतो:
बेलाचा मुरंबा द्या, गहू बंद करा,
उज्जैनला एक वैद्य आहेत,
भाभींच्या त्या गोळ्या-बिळ्या आधी सोडवा.
त्यांना मी परातीच्या तळचे पोहे वाढतो,
जीभ भाजेल इतके गरम.

पहिले दोन दिवस ती माझ्याकडे पाठ करून झोपली.
मला वाटलं, रागावली.
तिसऱ्या दिवशी भिंतीशी बोलल्यासारखं बोलली,
तुझ्या अंगाला दुकान येतं रे, मळमळतं.
तेव्हापासून सदरा बदलून जात होतो,
कोपरापर्यंत साबण लावून,
केसांना टोपी घालून परात उचलत होतो.
शुक्रवारी निघताना तिनेच हाक मारली.
उद्या हात धुऊ नकोस.

शनिवारी तसाच गेलो,
रिक्षात हात मांडीवर उताणे ठेवून,
जसं काही सांडेल.
उजवी नाकपुडी मोकळी होती.
तिच्यापाशी मी बोटं धरली.
डोळे मिटून बराच वेळ गप्प होती.
पिशवी निम्मी झाली होती.
यंत्र एकदा ओरडलं, सिस्टर येऊन बंद करून गेली,
माझी बोटं तिथेच.
मग म्हणाली,
बडीशेप जास्त पडलीय.
आणि पोहे नवीन दुकानातून आणलेस ना,
जाड आहेत,
अजून पाव तास भिजायला हवे होते.

वहीत शनिवारपुढे पाच लिहिले.
रविवारी पावणेचारला उठलो.